गुडघे टेकणारा गडी

३ नोव्हेंबर ९७, सोमवार. बारामती

दुपारी अकरा वेळा मेलो.

सलीमच्या दुकानात. बाहेर बोर्ड झेरॉक्स-डीटीपी-लग्नपत्रिका, आणि आत दोन ते चार, बाजारपेठ डुलक्या घेत असते तेव्हा, आमचं हे. पुण्याच्या ज्या माणसानं त्याला कॉम्प्युटर जोडून दिला त्यानं चार फ्लॉप्यांवर हा गेमही फुकट दिला. विलायती किल्ला, बर्फ, आणि अंगात पत्र्याचा डबा घातलेला आपला गडी, हातात तलवार. समोर येईल त्याला तोडायचं, दरवाजा ओलांडायचा, पुढच्याला तोडायचं. दुसरं काही नाही.

गेम भिकार आहे हे लिहून ठेवतो. तलवारीवर तलवार आपटली की मोरीत कुणी भांडी घासतंय असा आवाज. जिन्यावर गड्याचा पाय अडकला की अडकला. घोडा मिळतो तो उलटा, मागे मागे चालतो. तरी आज सकाळी उसाच्या फडात उभा असताना माझी बोटं आपोआप हलत होती. वय अठ्ठावीस, कृषी पदविका, कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरी, घरात लग्नाचं बोलणं चाललेलं, आणि डोक्यात दिवसभर काळ्या. काळ्या म्हणजे तिसऱ्या दरवाज्यावरचा काळ्या चिलखताचा सरदार. नाव सलीमनं ठेवलं.

६ नोव्हें.

नजरअंदाजाची कामं सुरू. बांधावर उभं राहायचं, चार सऱ्या आत जाऊन यायचं आणि सांगायचं, एकरी इतके टन. काट्यावर वजन झालं की माझा आकडा फार चुकत नाही. साहेब चारचौघांत म्हणाले, मिलिंदची नजर म्हणजे दुसरा वजनकाटाच. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

येताना पाण्याच्या चारीत पडलो, खात्याच्या एम-एटी गाडीसकट. दिवस मावळायला आला होता. चारी रस्त्याच्या डावीकडे आहे हे मला पाच वर्षं माहीत आहे. तोडणीवाल्यांनी गाडी वर काढून दिली. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "सायेब, चारी काय आज खांदलेली न्हाय." गुडघा सोलला. पँट गेली.

११ नोव्हें.

आज काळ्या जवळजवळ मेला होता. त्याचं रक्त संपत आलेलं, आपलंही संपत आलेलं. अशा वेळी गेम मध्येच थांबतो आणि पडद्यावर प्रश्न येतो, यील्ड? खाली वाय आणि एन.

हा शब्द माझ्या रोजच्या पोटापाण्याचा. खात्याच्या इंग्रजी फॉर्मात तिसरा रकाना, यील्ड पर एकर. उत्पन्न, उतारा. म्हणजे लढाई करून दमलास, आता पीक पदरात घेणार का, असं विचारतोय. सलीमला मीच ऐटीत समजावून सांगितलं. आपण वाय दाबतो. मिळतंय त्याला नको म्हणायची आपल्याकडे रीत नाही. पण वाय दाबलं की गडी तलवार खाली ठेवतो, गुडघे टेकतो, मान पुढे करतो आणि काळ्या ती उडवतो. परत पहिला दरवाजा. दर वेळी हेच. ऐन सुगीत गडी गुडघे टेकतो.

स. म्हणतो, "चोरीची कॉपी हाय मिल्या, अशीच चालायची."

२३ नोव्हें., रविवार. लासुर्णे

घरी आलो. आईनं विषय काढलाच. मामाची सुजाता. नरसिंहपूरला असते, बारावी झाली, अंगणवाडीत शिकवते. आई म्हणाली, मामाची पोरगी असताना बाहेर बघायचं म्हणजे मामाच्या तोंडाला काळं. आईचं स्वतःचं लग्न तिच्या आत्याच्या मुलाशी झालं, म्हणजे अप्पांशी. मामीही नात्यातलीच. आमच्या घरात सगळं एकाच दोरीला बांधलेलं. अप्पा असते तर काय म्हणाले असते? तेही हेच म्हणाले असते.

मी हो म्हटलं. आईला वाटलं तिच्या शब्दासाठी म्हटलं. वाटू दे. सु. मला दहावीपासून आवडते. हे कुठे बोललो नाही, हितंच लिहितो.

१४ डिसें., रविवार. नरसिंहपूर

साखरपुडा झाला. पंचशील, मग पेढे, मग मामाचं भाषण. आजोबांचा फोटो भिंतीवर, हार घातलेला. छप्पन साली धम्म घेतला तेव्हाचा फोटो, डोळे चांगले टपोरे. मला आठवतात ते शेवटचे आबा, ओसरीवर काठी घेऊन बसलेले, दिसत नसलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन वेळेवर झालं नाही असं आई सांगते.

सु. चहा घेऊन आली. मी समोर मामाकडे बघत होतो. ती कप धरून उभी होती म्हणे, बाजूला. मामी हसली, नवरदेव आत्तापासूनच तोऱ्यात. मला कुणी काही बोललं नाही तर कसं कळणार? मग सु. नं कप सरळ माझ्या हातात दिला, बोटं धरून कपाच्या कानाभोवती बसवली. सगळ्यांसमोर. मामा खोकला. माझे कान तापले ते घरी येईपर्यंत तापलेलेच.

२८ डिसें.

गेमच्या खोडी लिहून काढल्या, सलीमच्या त्या पुण्याच्या माणसाला दाखवायला. पाय अडकणे. उलटा घोडा. भांड्यांचा आवाज. ऐन वेळी गुडघे टेकणे. आणि एक नवी, सगळ्यांत चीड आणणारी. डावीकडून शत्रू येत नाही, उगवतो. मोकळा चौक असतो आणि एकदम छातीत भाला. चालत येताना दाखवायला काय हरकत होती? स. ला विचारलं. तो शेंगा सोलत होता. म्हणाला, मी नीट बघितलं न्हाय.

आजचा हिशोब : मेलो ९, मारले ६. सहापैकी दोन आपोआप जिन्यात अडकून मेले.

१८ जाने. ९८, रविवार. इंदापूर

बस्ता. लग्न १७ मे, तारीख धरली. दुकानात आई आणि मामी शालूवर तास-दीड तास. मी आणि सु. बाकावर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तासभर शेजारी. मी काय बोललो? गेमबद्दल बोललो. काळ्या, दरवाजा, गुडघे. ती लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "मग खेळता कशाला?" सुटत नाही म्हणालो.

मग मी म्हटलं, साडेचारला उसाचा रस पिऊ, सहाच्या गाडीनं जा. एकदम चेहरा उतरला तिचा. नको म्हणाली, चारचीच गाडी हवी. मामीनं रागावून बघितलं तरी नको. गेली. स्टँडवर मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

माझा कंटाळा आला असणार. तासभर पत्र्याच्या माणसाच्या गोष्टी सांगितल्यावर कुणाला येणार नाही?

३ फेब्रु.

आज भरदुपारी शेळीला धडक. डावीकडून आली. शेळी उठून पळाली, पण तिच्यामागे एक बाई होती, डोक्यावर गवताचा भारा, ती माझ्यापासून दोन हातांवर उभी. तीही दिसली नव्हती. दोन हात, जास्त नाही. बाई भारा टाकून मला शिव्या देत होती आणि मी तिलाच शिव्या दिल्या, जनावर बांधता येत नाही का म्हणून.

तिचा चेहरा जात नाही डोळ्यांसमोरून. आज दुकानात गेलो नाही.

१७ फेब्रु., मंगळवार

लाज. तीन महिने, लाज.

इंग्रजीचे एक मास्तर सराव परीक्षेचा पेपर टाइप करून घ्यायला आले होते. मी काळ्याशी झुंजत होतो. प्रश्न आला, मी वाय दाबलं, गड्यानं गुडघे टेकले. मी सवयीनं शिवी दिली. मास्तर चष्म्यावरून बघत होते. म्हणाले, "तुम्ही शरण का जाता प्रत्येक वेळी?"

मी म्हटलं, शरण कोण गेलं? गेमच तसा आहे. ते म्हणाले, तो विचारतो शरण येतोस का, तुम्ही म्हणता हो येतो. मग तो काय करील? मी त्यांना शेतकी खात्याचा फॉर्म सांगायला लागलो. यील्ड पर एकर. मास्तर पेपर विसरून हसले. स. झेरॉक्सच्या मशिनवर डोकं ठेवून हसला. संध्याकाळी डिक्शनरी काढली. पहिला अर्थ माझाच आहे, उत्पन्न देणे. दुसरा, नमते घेणे, शरण जाणे. पहिला अर्थ बरोबर आला की माणूस दुसरा वाचत नाही.

बिचारा गडी. त्याला आपणच गुडघ्यावर आणत होतो आणि आपणच त्याला खोड म्हणत होतो.

१९ फेब्रु.

एन दाबलं. गडी लढत राहिला, अर्ध्या रक्तावर, लंगडत. काळ्या पडला. स. नं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि आम्ही दोघं तिशीला आलेले बाप्ये टाळ्या देत नाचलो. तिसरा दरवाजा उघडला. आत दरबार, मशाली, खांब. आत्तापर्यंत या गेमला इतक्या शिव्या दिल्या, पण तो दरबार बघून जीव हरखला. खरंच फार चांगला काढलाय.

परत येताना चांगली शीळ घालत होतो.

२४ फेब्रु., मंगळवार

दरबारात दोन्हीकडून येतात. उजवीकडचे मी तोडतो. डावीकडचे उगवतात. आठ वेळा मेलो, आठही वेळा डावीकडून. मी स. ला म्हटलं, ही खोड तरी खरी आहे की नाही? मास्तरला विचारायचं का हिचाही दुसरा अर्थ?

आज तो शेंगा सोलत नव्हता, पडद्याकडे बघत होता. म्हणाला, "उगवतो कुठं? त्या खांबापास्नं मघाधरनं चालत येतोय की तो."

पुन्हा लावला. म्हणाला, आता निघाला. आता मशालीखाली. आता तुज्याजवळ. मी पडद्याच्या मध्यावर बघत होतो. मला मोकळा चौक दिसत होता. मग भाला.

स. नं मला स्टुलावर बसवलं. समोरच्या कॅलेंडरच्या खिळ्याकडे बघ म्हणाला. पिवळी पेन्सिल घेऊन कानाकडून पुढे आणायला लागला, दिसली की सांग. मी म्हटलं, आण की. तो म्हणाला, आणली. मी म्हटलं, कुठे? पेन्सिल दिसली तेव्हा ती जवळजवळ नाकासमोर होती. उजवीकडे थोडी आधी. स. आधी हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग पुन्हा केलं. मग हसला नाही. म्हणाला, आज बास.

चारी. शेळी. चहाचा कप. बाई.

२ मार्च

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून, दिवा मारून बराच वेळ बघितलं. चिठ्ठी दिली, पुण्याला दाखवा. मी विचारलं, चष्मा लागेल का? ते म्हणाले, चष्म्याचं काम नाही हे.

साहेबांना सांगितलं, दात काढायला जायचंय.

९ मार्च, सोमवार. पुणे

रेटिनायटिस पिगमेंटोजा. स्पेलिंग चिठ्ठीवर आहे. या शब्दाला एकच अर्थ आहे, मी विचारून घेतला.

कंदिलाची काच कशी कडेकडेनं काजळत येते आणि मध्ये तेवढी स्वच्छ राहते, तसं. मधलं स्वच्छ म्हणून मला कळलं नाही. एकरी टन बरोबर येतात आणि चारी दिसत नाही. औषध नाही. ऑपरेशन नाही. किती वर्षं, तेही सांगता येत नाही म्हणाले, दहा असतील, वीस असतील. अंधारात गाडी आजपासून बंद, आणि दिवसाही चालवू नका म्हणाले.

मग डॉक्टरांनी विचारलं, आईवडील नात्यातले का? हो म्हटलं. घरात आणखी कुणाला? आबांचं सांगितलं. ऑपरेशन राहिलं होतं म्हणालो. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. तुमचं लग्न? ठरलंय. कुणाशी? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मुलीला सांगा. लग्नाआधी सांगा. नात्यात केलंत तर मुलांनाही होण्याचा धोका वाढतो."

येताना एस.टी.त खिडकीला बसलो. भिगवणजवळ दिवस मावळला. खिडकीबाहेर काय होतं ते इतरांना दिसत असणार.

१२ मार्च

पुन्हा खेळायला लागलो. मूर्खपणा आहे, कळतंय. कोंबडीसारखी मान डावीकडे वळवून बघायचं, मग उजवीकडे, मग वार. आज डावीकडचे तीन तोडले. माझ्या आयुष्यात एवढीच एक गोष्ट आहे जिथं माझी खोड माहीत असून उपाय करता येतो. स. खेळू नको म्हणत नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. नुसता शेजारी बसून पुटपुटतो, डाव्या अंगाला एक, डाव्या अंगाला दोन.

१६ मार्च

दरबार संपला. शेवटचा दरवाजा. गेम म्हणाला, चौथी फ्लॉपी टाका. टाकली. घरघर घरघर. फ्लॉपी वाचता येत नाही. सोडू, पुन्हा बघू, का हरलो म्हणू, असे तीन पर्याय. आम्ही पुन्हा बघू दाबत राहिलो, पंधरा मिनिटं. स. नं फ्लॉपी काढून शर्टाला पुसली, फुंकर मारली, उन्हात धरली. बुरशीचा एवढासा ठिपका. पुण्याचा माणूस दुकान विकून गेलाय. ही खोड मात्र गेमचीच निघाली, माझी नाही, एवढं समाधान.

तेवढ्यात स. नं विचारलं, पत्रिकेचा मजकूर कधी देतो. त्याच्याकडे तीन साचे असतात. एकावर गणपती, एकावर ७८६, एकावर बुद्ध. बुद्धाचा त्यानं कधीच उघडून ठेवलाय, माझं आणि सु. चं नाव घालून. तारखेची जागा मोकळी. मामाला दहा एप्रिलच्या आत पत्रिका हातात हव्यात. मी म्हटलं, देतो.

स. नं मॉनिटर बंद केला. "तिला सांगितल्याबिगर मी छापणार न्हाय. माजं दुकान हाय."

त्याचा राग आला. त्याचंच बरोबर आहे म्हणून आला.

२२ मार्च, रविवार. लासुर्णे

आईला आबांचं विचारलं, अगदी सहज. मोतीबिंदू म्हणाली. मी विचारलं, तरुणपणी? ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, चाळिशीतच दिवेलागणीला त्यांना हाताला धरून न्यावं लागायचं. मग म्हणाली, कशाला विचारतोस? मी म्हटलं, असंच.

तिनं पुन्हा थापायला घेतली. तिला सांगितलं तर ती आधी स्वतःला दोष देईल, मग अप्पांना, मग आबांना. आणि शेवटी लग्न मोडेल ते माझं. हे मी आईच्या काळजीनं लिहितोय की माझ्या, मला माहीत नाही. माझ्याच. मला सु. हवी आहे. डॉक्टरांना हवी नसली तरी मला हवी आहे. असलं कागदावर सहज लिहिता येतं हे वाईट.

२९ मार्च, रविवार. नरसिंहपूर

सांगितलं.

मामाला म्हटलं, पत्रिकेतल्या नावांचं विचारायचंय तिला. घाटावर गेलो दोघं, तीन वाजता. पाणी खाली गेलंय. नीरा-भीमेच्या संगमावर होड्या वाळूत टेकलेल्या. मी पायऱ्या मोजत उतरत होतो, ती माझ्या उजवीकडे आली. का ते मी विचारलं नाही.

सगळं सांगितलं. पेन्सिल, पुणे, आबा, पोरांचं. लग्न मोड म्हणालो. मामाला मी सांगतो, दोष माझ्यावर घेतो. पाठ केलं होतं, न अडखळता बोललो.

ती पायरीवर टेकली. मग म्हणाली, "मला बी दिवस मावळला की दिसत न्हाय."

मला वाटलं समजूत काढतेय. मी म्हटलं, तसं नव्हे. ती म्हणाली, तसंच. शाळेत असल्यापासून. दिवेलागणीनंतर अंगण ओलांडायचं तर भिंतीला हात लावून जाते. मामीला वाटतं पोरगी अंधाराला भिते. भिते म्हटलेलंच बरं पडतं म्हणाली, भित्र्या पोरीचं लग्न व्हतं. चहाच्या दिवशीच तिला माझं कळलं होतं. आबांना ती लहानपणी असाच कप द्यायची.

मी विचारलं, मग हो कशाला म्हणालीस?

"भायेरच्या घरात दिलं असतं तर आठ दिवसांत धाडलं असतं परत. आत्याच्या घरातनं कोण परत धाडंल?"

हे तिनं सरळ सांगितलं, मन दुखवायला नव्हे. मला लागलं. एवढ्या मोठ्या संकटात मला एवढ्याचंच लागावं, की ती माझ्यासाठी हो म्हणाली नव्हती. माणूस किती कोता असतो. तिला ते दिसलं असावं, कारण मग ती म्हणाली, इंदापूरला तुमी गेमचं सांगत व्हता तवा मला उठावंसं वाटत नव्हतं. पण गाडी चारची हुती.

परत येताना ती उभी राहिली. तिनं आधीच विचार करून ठेवला होता, चालता चालता केलेला नव्हता. "मी पन येते पुण्याला, तपासायला. पर लग्नाआधी जायाचं का नंतर, ते तुमी ठरवा. आदी गेलो आन् माजं बी तेच निघालं, तर दोन्ही घरं मोडत्याल. नंतर गेलो तर कुणाला मोडता येनार न्हाय. पोरांचं तवाचं तवा." मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, मला वाटायचं ते मी सांगितलं, आता तुमी.

साडेपाचला तिला घराच्या दारात सोडलं. ऊन होतं अजून.

३१ मार्च

आधी. डॉक्टरांनी सांगितलंय. पोरांचा विचार. आधीच.

१ एप्रिल

आधी गेलो आणि तिचंही तेच निघालं, तर मामा तिला कुठे देणार? कोण घेणार? माझ्या प्रामाणिकपणाचं पीक तिनं पदरात घ्यायचं. नंतर.

नंतर गेलो आणि पोर झालं आणि ते संध्याकाळी अंगणात धडपडलं, तर?

गाडी साहेबांच्या हवाली केली. दुखणं सांगितलं नाही, इंजिनाचं काम निघालंय म्हटलं. बैलगाडीतून फडात जातो. अंदाज अजून बरोबर येतो.

४ एप्रिल

चौथ्या फ्लॉपीशिवाय खेळतो. म्हणजे दरबारापर्यंत जायचं, शेवटच्या दरवाज्यासमोर उभं राहायचं, आणि परत पहिल्यापासून. स. म्हणतो, ह्याला काय अर्थ हाय? नाही. आज एकदाही मेलो नाही तरी कुठे पोचलो नाही.

पत्रिका स. च्या पडद्यावर तशीच. आईचे दुकानात दोनदा फोन येऊन गेले. मामाचा निरोप, दहा तारीख विसरू नका.

६ एप्रिल, सोमवार

सु. चा फोन आला, दुकानात, दुपारी. तिच्या घरी फोन नाही. एस.टी.डी.वाला स्टँडपाशी, घरापासून चांगला पाऊण तास चालत. स. नं रिसीव्हर माझ्याकडे धरला. मी हातानं खूण केली, नाही म्हणून सांग.

माझं काही ठरलं नव्हतं. ठरल्याशिवाय तिचा आवाज ऐकायची हिंमत नव्हती. हे कारण पुरेसं नाही हे मला तेव्हाही कळत होतं.

स. माझ्याकडे बघत होता. मग फोनमध्ये म्हणाला, "मिलिंदभाऊ फडात गेल्यात, ताई." थोडं ऐकलं. हो म्हणाला. बरं म्हणाला. ठेवला.

गिऱ्हाईक आलं, त्याच्या सातबाऱ्याच्या तीन कॉप्या काढल्या, पैसे घेतले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, अंधार व्हायच्या आत तिला घर गाठायचं हाय, म्हणून जास्त थांबली न्हाय. उद्या परत येणार हाय चालत, फोन करायला. म्हणाली, उद्या तरी त्यांना थांबायला सांगा.

किती वाजता ते तिनं सांगितलं नाही, आणि स. नंही विचारलं नाही. म्हणजे थांबायचं तर सकाळपासून थांबावं लागेल.